मुलांचे न्यायालय

पोलंडमधील वॉर्सा नगरीत अनाथ मुलांचा एक आश्रम होता. तेथे आठवड्यातून एकदा न्यायालय भरे. न्यायाधीश मुलेच असत आणि ती चिठ्ठ्या टाकून निवडली जात. मुलाला मुलाविरुद्ध, तसेच शिक्षकाविरुद्धही तेथे दाद मागता येई. आश्रमाचे प्रमुख डॉक्टर यानुश कोर्चाक यांनीही तेथे आरोपी म्हणून आपले नाव नोंदविले होते. सहा महिन्यांत पाच वेळा! एकदा त्यांनी एका मुलाला मारले होते, तर एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला होता.

कोर्चाक यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. ते ज्यू कुटुंबात जन्मले आणि पुढे बालरोगतज्ज्ञ झाले. वैद्यकीत त्यांची कीर्ती वाढत होती, तरीही इ. स. १९१२ मध्ये त्यांनी या आश्रमाची धुरा स्वीकारली. स्टेफानिया विल्चिन्स्का या त्यांच्या सहकारी होत्या.

मूल लहान, म्हणून त्याचे दुःखही लहान, असे कोर्चाक मानीत नसत. ज्यांना मनातले बोलण्याचा संकोच वाटे, त्यांच्यासाठी आश्रमात पत्रपेटी होती. मुलांचा प्रत्येक हट्ट पुरविला जात नसे. पण त्यांचे म्हणणे ऐकून घेतले जाई. न्यायालयाच्या नियमांतील बहुतेक कलमे क्षमेचीच होती. १९२६ साली त्यांनी मुलांनीच लिहिलेले साप्ताहिकही सुरू केले.

१९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. पुढच्याच वर्षी आश्रमाला, ज्यू लोकांना कोंडण्यासाठी भिंत घातलेल्या वस्तीत जावे लागले. तेथे अन्नाचे हाल होते. अशा स्थितीतही १८ जुलै १९४२ रोजी मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर' हे नाटक केले.

ऑगस्टमध्ये नाझी सैनिक मुलांना न्यावयास आले. कोर्चाक यांना निसटून जाण्याची संधी मित्रांनी देऊ केली होती. परंतु मुलांना सोडून जाणे त्यांना मान्य नव्हते. सुमारे २०० मुलांसह ते आणि स्टेफानिया चालत निघाले. त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीतून त्यांपैकी कोणीही परतले नाही.

आपले मत मांडण्याचा आणि ते ऐकले जाण्याचा मुलांचा हक्क संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली मान्य केला. त्या करारासाठी पुढाकार पोलंडनेच घेतला होता. वॉर्साच्या त्या आश्रमात मात्र हा हक्क कितीतरी आधी नांदत होता. आणि तो मोडला, तर प्रमुखालाही मुलांपुढे जाब द्यावा लागत होता.