मगनवाडीचे कुमारप्पा : एका ख्रिस्ती देशभक्ताचे स्मरण

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने फ्रान्स जिंकल्यावर तेथील बहुतेक बिशप मार्शल पेतँ यांच्या जर्मनधार्जिण्या सरकारशी निष्ठावंत राहिले. ज्यूंच्या छळाविरुद्ध जाहीरपणे बोलणारे मोजकेच होते. त्या मौनाबद्दल फ्रेंच बिशपांनी १९९७ साली जाहीर क्षमायाचना केली. परकी सत्तेपुढे ख्रिस्तसभेने कसे वागावे, हा प्रश्न आपल्या देशातही उभा राहिला होता. तो विचारणारा एक ख्रिस्ती माणूस वर्ध्यात राहून गेला. त्याचे येथे स्मरण करावेसे आम्हांला वाटते.

जे. सी. कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. लंडनमध्ये हिशेबतपासनीस होऊन पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केला. परकी राज्याची करपद्धती भारताला कशी दरिद्री करते, हे त्यांना तेथे उमगले. १९२९ साली गांधीजींची भेट झाली आणि विलायती पोशाख जाऊन अंगावर खादी आली.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात निःशस्त्र लोकांवर लाठ्या चालल्या. कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप वेस्टकॉट यांनी मात्र कायदेभंगच ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध ठरविला. कुमारप्पांनी त्यांना पत्र लिहून सरकारच्या हिंसेविषयी ख्रिस्तसभेने बाळगलेल्या मौनाचा जाब विचारला. आपल्याच धर्मबांधवांचा रोष पत्करून केलेले हे धाडस होते.

१९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व त्याचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन असे उद्योग त्यांनी उभे केले. १९४२ च्या आंदोलनात त्यांना पुन्हा कारावास घडला. तेथे त्यांनी दोन पुस्तके लिहिली : एक प्रभू येशूच्या शिकवणीवर, दुसरे शाश्वत अर्थव्यवस्थेवर. ३० जानेवारी १९६०, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, त्यांचे निधन झाले.

ख्रिस्ती लोक इंग्रजांचे पाठीराखे होते, असा आरोप आजही अधूनमधून ऐकू येतो. त्याला उत्तर म्हणून कुमारप्पांचे नाव पुढे करणे सोपे आहे. परंतु त्यांचा जाब आपल्यालाच होता, हे विसरून चालणार नाही. आपल्यातील अनेक जण तेव्हा गप्प राहिले, हेही प्रांजळपणे मान्य करू या. तसे केले तरच त्यांचे नाव अभिमानाने घेण्याचा अधिकार आपल्याला लाभेल.