अंकुराची वाढ

पुण्याहून मुंबईस जाणारी आगगाडी चिंचवड, तळेगाव ही स्थानके मागे टाकीत घाटमाथ्यावरील लोणावळ्यास येते. आज या वाटेवर पिंपरी-चिंचवडपासूनच कारखान्यांची रांग लागते. परंतु सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी हा सारा मुलूख शांत होता. त्या काळी लोणावळ्यात एक गृहस्थ छापखाना चालवीत असत. चित्रांचे ठसे करण्यात त्यांचा हात कुशल होता. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखू लागला.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित होते. मुलाची ओढ मात्र चित्रकलेकडे होती. १८८५ साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते शिकू लागले आणि तेथेच छायाचित्रणाने त्यांचे मन वेधून घेतले.

त्या काळी कॅमेरा हाताळणे हे सोपे काम नव्हते. छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालून कॅमेऱ्याच्या मागील काचेवर पाही. तेथे माणूस उलटा दिसे, डोके खाली आणि पाय वर! भिंग पुढेमागे सरकवून ती प्रतिमा रेखीव करावयाची, उजेडाचा अंदाज मनाशीच बांधावयाचा, आणि मग अंधाऱ्या खोलीत रसायनांच्या साहाय्याने चित्र उमटवावयाचे. एका ठिकाणी जरी चूक झाली, तरी सारे श्रम वाया जात. अंतर मोजणारी यंत्रणा भिंगाशी जोडलेला लायका कॅमेरा जर्मनीत निघाला तो १९३२ साली. तोवर दादासाहेबांची उमेदीची वर्षे सरली होती. त्यांचा भरवसा होता तो डोळ्यांवर आणि सरावावर.

गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय थाटला. परंतु तेथे प्लेगची साथ आली आणि त्यांची पत्नी व मूल दगावले. दुःखी मनाने त्यांनी ते गाव सोडले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी सरस्वतीबाई होत. पुढे दादासाहेबांनी पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी केली. नंतर छापखाना काढला. रंगीत छपाईची माहिती मिळविण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीसही जाऊन आले. तथापि भागीदारांशी मतभेद झाल्यामुळे तो चालता धंदाही त्यांनी सोडून दिला.

१९११ साली मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर माणसे हालत होती, चालत होती. आपल्या देशातील पुराणकथा अशाच पडद्यावर आल्या तर, हा एकच विचार त्यांच्या मनात घोळू लागला. ते रोज तासन्‌तास चित्रपट पाहू लागले. या अतिश्रमाने त्यांची दृष्टीच गेली! ज्याला डोळ्यांच्या बळावर जगावयाचे, त्याच्या वाट्याला अंधार आला. सुदैवाने वैद्यकीय उपचारांनी आणि चष्म्याच्या साहाय्याने त्यांना पुन्हा दिसू लागले.

दृष्टी परत येताच विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तेथे त्यांनी चित्रपटनिर्मितीचे तंत्र समजावून घेतले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी केला आणि ते मायदेशी परतले.

आता खरी कसोटी होती. या कॅमेऱ्यास हाताने फिरवावयाचा दांडा असे. एका सेकंदात सुमारे सोळा चित्रे टिपली जावीत, अशा बेताने तो एकसारखा फिरवावा लागे. हात अडखळला की पडद्यावरील माणसेही धावू किंवा रेंगाळू लागत. कोरी फीत आणली तर तिच्या कडांना छिद्रे नसत. ती छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई शिकल्या. फितीला उजेड लागू नये म्हणून हे सारे अंधारात करावे लागे.

परंतु मोठ्या चित्रपटास भांडवल कोण देणार? दादासाहेबांनी एक युक्ती योजिली. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा पक्का बसविला. ठरावीक वेळाने ते एकेकच चित्र टिपीत. महिनाभर हा क्रम चालू होता. कॅमेरा जरासा हलला असता, तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. अखेर ती फीत पडद्यावर दाखविली गेली. वाटाण्याला कोंब फुटला, तो वर आला, त्याची पाने उलगडली आणि वेल सरसर वाढू लागला. महिन्याची वाढ सुमारे एका मिनिटात डोळ्यांसमोर घडली! ती पाहून धनिकांचा विश्वास बसला आणि कर्ज मिळाले.

मग ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे काम सुरू झाले. त्र्यंबकेश्वरी पौरोहित्य करणारे दादासाहेबांचे बालमित्र त्र्यंबक तेलंग यांना छायाचित्रणाची थोडी माहिती होती. दादासाहेबांनी त्यांना हा नवा कॅमेरा शिकविला आणि त्यांच्याच हाती दांडा सोपविला. चित्रपटात काम करण्यास स्त्रिया तयार होईनात. म्हणून साळुंके नावाच्या तरुणाने तारामतीची भूमिका केली. रोहिदास झाला तो दादासाहेबांचाच मुलगा भालचंद्र. सरस्वतीबाई दिवसा सर्व मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री फितीच्या कामात पतीस हातभार लावीत.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात हा चित्रपट लोकांसमोर आला आणि भारतीय चित्रपटाचा पाया घातला गेला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचे निधन झाले. १९६९ सालापासून त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देण्यात येतो.

आज चित्रपटांचा वृक्ष विशाल झाला आहे. त्याच्या मुळाशी दादरच्या घरातील एक कुंडी आहे, आणि तिच्यापुढे महिनाभर न कंटाळता उभा राहिलेला एक शिकाऊ माणूस आहे.