गाडगेबाबा, दारू आणि अन्ननलिकेचा कर्करोग

गाडगेबाबा म्हटले की तुम्हाला हातातला खराटा आठवतो. पण दारूने मोडलेल्या घरातला मुलगा म्हणून त्यांची ओळख फार थोड्यांना आहे. घरात रोज पिणारा माणूस असेल आणि हल्ली त्याला घास अडकत असेल, तर ही ओळख तुमच्या उपयोगाची आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगावचा. घर परिटाचे. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात खंगून गेले, तेव्हा डेबू लहान होता. आई सखूबाई त्याला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. डेबूने तिथे गुरे राखली, शेती केली. त्या काळी खेड्यात अशा मृत्यूचे निदान होत नसे. दारूने गेला एवढेच म्हणत.

आज निदान होते. दारू म्हटली की बहुतेकांना फक्त यकृत आठवते, पण प्रत्येक घोट आधी अन्ननलिकेतून जातो. दारूतल्या अल्कोहोलचे शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड बनते. ते पेशींच्या जनुकांना इजा करते आणि ती दुरुस्त होण्यातही अडथळा आणते. पाणी न घालता घेतलेली कडक देशी किंवा हातभट्टी आतले अस्तर थेट भाजते. तरी एक गैरसमज काढून टाका: महागडी विलायती सुरक्षित नसते. एकूण अल्कोहोल किती आणि किती वर्षे पोटात गेले, यावर धोका ठरतो. जोडीला तंबाखू किंवा विडी असेल तर दोन्हींचे धोके नुसते मिळत नाहीत, कैक पटींनी वाढतात.

डेबूने मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू न ठेवता गोड जेवण घातले. भाऊबंद रागावले. पाहुण्यांना दारू न देणे आजही किती अवघड जाते ते तुम्ही जाणता. तेव्हा तर ते बंडच होते. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. पुढची पन्नास वर्षे दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, मुलांना शिकवा, हे ते श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून वदवून घेत.

इथे डॉक्टर म्हणून एक सावधगिरी सांगतो. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत, घरच्या घरी दारू बंद करू नये. हात थरथरणे, भास होणे, फिट येणे असे त्रास जिवावर बेतू शकतात. औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. सोडल्यावर कर्करोगाचा धोका लगेच नाही, पण काही वर्षांत हळूहळू उतरतो.

लक्षणांचेही तसेच, ती हळूहळू येतात. आधी ज्वारीची भाकरी अडकते, मग माणूस ती कालवणात कुस्करून खातो. पुढे नुसत्या भातावर येतो, शेवटी पाणीही उतरत नाही. या जुळवून घेण्यात महिने जातात आणि वजन उतरते. आवाज बसणे, छातीमागे दुखणे हेही असू शकते. घास अडकणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर पित्ताच्या गोळ्या घेत बसू नका. दुर्बिणीची तपासणी करून घ्या. संशय आला तर त्याच वेळी तुकडा काढून तपासतात. गाठ लवकर सापडली तर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांनी बरे होण्याची आशा असते. उशीर झाला असला तरी नळी बसवून गिळणे सुकर करता येते.

धाराशिवकरांना बार्शी जवळ आहे. तिथले नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय अनेकांना माहीत आहे. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील कर्करोगाची नोंदणी तिथे १९८७ मध्ये सुरू झाली. ग्रामीण भागासाठीची ती देशातली पहिली.

बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गेले. मिळालेल्या देणग्यांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही सोय केली. पुढे त्यांच्या नावाने दादरला उभ्या राहिलेल्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात येणारे कॅन्सरचे रुग्ण राहतात. तुम्हाला मुंबईला पाठवले, तर निघण्यापूर्वी तुकड्याच्या तपासणीचा अहवाल आणि सगळी जुनी कागदपत्रे सोबत घ्या आणि राहण्याच्या सोयीबद्दल रुग्णालयातील समाजसेवा विभागात विचारा.