भीती वाटल्यासारखी

भीती मनातून शरीरात उतरते की शरीरातून मनात चढते? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्या मते आधी छाती धडधडते, हात कापतात आणि त्या जाणिवेलाच आपण भीती म्हणतो. तसे असेल, तर अ‍ॅड्रिनॅलिन टोचताच माणूस घाबरायला हवा. माद्रिदचे डॉ. ग्रेगोरिओ मारान्योन यांनी हे २१० जणांवर तपासले आणि १९२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

सुमारे ७१ टक्के लोकांनी फक्त धडधड, थरथर, छातीवरचे दडपण सांगितले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना भीती वाटल्यासारखे झाले. पण आपण कशालाही घाबरलेलो नाही, हेही त्यांना पक्के कळत होते. मोजक्या जणांना मात्र खरेखुरे रडू कोसळले. त्यांत थायरॉइडचा स्राव वाढलेले रुग्ण ठळकपणे दिसले. काहींना तर इंजेक्शननंतर आजारी मुलांविषयी किंवा वारलेल्या आईवडिलांविषयी बोलणे निघाले की हुंदका फुटे. (आज असा प्रयोग नैतिक समितीपुढे टिकणे अवघडच.) थोडक्यात, औषध शरीर पेटवते, पण भावनेला कारण मनात हजर असावे लागते, आणि थायरॉइड बिघडलेला असेल तर ठिणगी लवकर पडते.

मारान्योन यांचा जन्म १९ मे १८८७ चा. आई लहानपणीच गेली. १९१० मध्ये ते फ्रँकफर्टला पॉल एर्लिख यांच्याकडे शिकून आले, पण पुढे त्यांना ओढले ते अंतःस्रावी ग्रंथींनी. १९२२ मध्ये लास उर्देस या दरिद्री डोंगराळ भागात ते राजा तेरावा अल्फोन्सो यांच्यासोबत फिरले. गळ्याशी गलगंड आणि थायरॉइडच्या अभावाने खुंटलेली, मतिमंद राहिलेली मुले तिथे गावोगावी होती. एकाच ग्रंथीचे हे दुसरे टोक.

राजाशी ओळख असूनही हुकूमशाहीविरोधी कटाच्या संशयावरून १९२६ मध्ये त्यांनी महिनाभर तुरुंग भोगला. १९३१ मध्ये माद्रिद विद्यापीठात ते अंतःस्रावशास्त्राचे प्राध्यापक झाले. यादवी युद्धामुळे १९३६ ते १९४२ पॅरिसमध्ये काढावी लागली. २७ मार्च १९६० रोजी माद्रिदमध्ये ते वारले. अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली होती.

दोनच वर्षांनी अमेरिकेत शॅक्टर आणि सिंगर यांनी विद्यार्थ्यांना अ‍ॅड्रिनॅलिन टोचून हाच प्रश्न पुन्हा उघडला, तोही मारान्योन यांच्या कामाचा आधार घेऊन.