दुखऱ्या पायाचा पथिक

स्पेनच्या मायोर्का बेटावरील पेत्रा या खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी १७१३ साली हुनिपेरो सेरा यांचा जन्म झाला. फ्रान्सिस्कन पंथाची दीक्षा घेऊन ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. शेतकऱ्याच्या मुलाला मिळालेली ही मानाची जागा सोडून १७४९ साली ते धर्मप्रसारासाठी मेक्सिकोला गेले. व्हेराक्रूझ बंदरात घोडी तयार होती. पण मेक्सिको शहरापर्यंतचे सुमारे ४०० किलोमीटर ते पायीच निघाले. वाटेत कीटक चावून पाय सुजला, तो जन्मभर दुखतच राहिला.

१७६९ च्या कॅलिफोर्निया मोहिमेत तर त्यांना उभेही राहवेना. तेव्हा खेचरांच्या जखमांना लावायचा चरबीचा आणि पाल्याचा लेप त्यांनी खेचरवाल्याकडून आपल्या पायाला लावून घेतला. दुसऱ्या दिवशी स्वारी पुढे! त्याच वर्षी त्यांनी सान दिएगोला पहिले मिशन स्थापिले. १७८४ साली मृत्यू येईपर्यंत अशी नऊ झाली.

ही जिद्द कोणालाही थक्क करील. पण या मिशनांत बाप्तिस्मा घेतलेल्या आदिवासींना परवानगीवाचून बाहेर पाऊल टाकता येत नसे. पळून गेलेल्यांना शिपाई धरून आणीत, फटके मारीत. सैनिकांच्या अत्याचारांविरुद्ध सेरा १७७३ साली थेट व्हाइसरॉयपर्यंत गेले हे खरे. फटक्यांची शिक्षा मात्र त्यांना योग्यच वाटे. मला हा माणूस इथे कळेनासा होतो.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले, तेव्हा अनेक आदिवासी वंशजांनी विरोध केला. २०२० साली सान फ्रान्सिस्को व लॉस एंजेलिस येथील त्यांचे पुतळे निदर्शकांनी पाडले.