मेंडेल आणि आमच्याकडचा देवणी वळू

बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात, म्हणजे औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात, वळू कसा निवडायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. छाती बघायची, पाय बघायचे, वशिंड बघायचं, मग रंग. देवणी जातीत पांढराशुभ्र तो बालंक्या, तोंडाच्या बाजूंना काळा तो वानेरा, अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा. हे सगळं डोळ्यांना दिसतं. पण हाच गोऱ्हा उद्या वळू झाला तर त्याची वासरं कशी वाढतील, ते दिसत नाही. या न दिसणाऱ्या गोष्टीचा नीट हिशेब मांडायला एका कॅथलिक मठवाशाने सुरुवात केली. ग्रेगोर मेंडेल हे नाव शाळेत वाटाण्यासोबत येतं आणि तिथंच संपतं. त्यांचं आयुष्य मात्र त्याहून बरंच मोठं आहे.

मेंडेल यांचा जन्म १८२२ सालचा, आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या हिंचित्से गावातला. बाप्तिस्म्याचं नाव योहान. वडील शेतकरी. १८३८ मध्ये लाकडाचा ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले आणि शिक्षणाचा पैसा आटला. तेव्हा धाकटी बहीण थेरेसिया हिने आपल्या हुंड्यातला वाटा भावाच्या शिक्षणासाठी दिला. पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणाला मदत करून मेंडेल यांनी ते ऋण फेडलं.

१८४३ मध्ये ते ब्रनो शहरातल्या ऑगस्टिनियन मठात गेले आणि १८४७ मध्ये धर्मगुरू झाले. आजारी माणसांची सेवा करताना ते स्वतःच आजारी पडायचे, म्हणून त्यांना शिकवायला पाठवलं. शिक्षकाच्या परीक्षेत मात्र ते १८५० मध्ये नापास झाले. मग मठाने त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठवलं. पुढे पुन्हा परीक्षा दिली, पण तीही पार पडली नाही. हा माणूस कितीतरी वर्षं बदली शिक्षक म्हणूनच शिकवत होता.

ब्रनो हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. तिथले मेंढपाळ इंग्लंडच्या रॉबर्ट बेकवेल यांची रीत शिकले होते. बेकवेल मेंढे भाड्याने द्यायचे आणि त्यांची पिल्लं कशी निपजतात यावरून नराची पारख करायचे. ही रीत कामाची होती, पण ती का चालते हे कुणालाच माहीत नव्हतं. काय वारशात येतं आणि कसं येतं, हा प्रश्न मठाचे प्रमुख सिरिल नॅप यांनी मेंडेल मठात येण्याआधीच मेंढपाळांपुढे मांडला होता.

मेंडेल यांनी त्याचं उत्तर वाटाण्यात शोधलं. १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं त्यांनी सुमारे २८,००० रोपं तपासली. एका प्रयोगात ५,४७४ गोल दाणे आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. एका पिढीत गायब झालेला गुण पुढच्या पिढीत जसाच्या तसा परत येतो, म्हणजे तो मिसळून नाहीसा होत नाही. १८६५ मध्ये त्यांनी हे ब्रनोत दोन भाषणांत सांगितलं, १८६६ मध्ये छापलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १८६८ मध्ये ते मठाचे प्रमुख झाले आणि पुढची वर्षं सरकारशी कराच्या भांडणात गेली. ६ जानेवारी १८८४ रोजी ते वारले. सोळा वर्षांनी, १९०० मध्ये, द फ्रीस, कोरेन्स आणि चेरमाक यांनी त्यांचं काम पुन्हा उजेडात आणलं.

पण गुरांची वाढ म्हणजे काही वाटाण्याचा दाणा नव्हे. बेल्जियन ब्ल्यू या मांसाच्या जातीत एकाच जनुकातल्या बदलामुळे दुप्पट स्नायू दिसतात, आणि त्याची किंमत म्हणून गाय अडते, पोट फाडून वासरू काढावं लागतं. एरवी वजन असंख्य जनुकांच्या बारीक बारीक परिणामांतून बनतं. मेंडेलचे नियम तिथंही लागू पडतात, हे रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्ये गणिताने दाखवलं. अमेरिकेतल्या जे लश यांनी त्यावरून गुरांच्या पैदाशीचं शास्त्र बांधलं. वळूचं पैदास-मूल्य त्याच्या स्वतःच्या अंगावरून पुरतं कळत नाही, कारण त्यातला फक्त अर्धा वाटा वासराला मिळतो, आणि अंग तर चाऱ्यानेही भरतं.

माझ्या मामांकडे हाच घोळ आहे. एका गोऱ्ह्याला सरकी पेंड मिळाली, दुसरा कडबा आणि तुरीच्या भुसकटावर वाढला. बाजारात पहिल्याला भाव येणार. पण वाण म्हणून कोणता चांगला? ते त्यांच्या वासरांवरूनच कळेल, आणि तेही वासरं सारख्या चाऱ्यावर वाढली तरच. तोवर दुसरा विकला गेलेला असतो. गावात जर्सीची सुई सहज मिळते, चांगला देवणी वळू मिळत नाही. असे न पारखलेले गोऱ्हे गेले की त्यांचं रक्त परत येत नाही.

बीदरमध्ये पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, शास्त्र आपल्या दाराशी आहे. पण सुरुवात गोठ्यातच करावी लागेल. एक वही, एक टेप. वासरू जन्मलं की तारीख, बाप कोण, आई कोण, दर महिन्याला छातीचा घेर. मेंडेल यांनीही आठ वर्षं दुसरं काय केलं? निवडलं, मोजलं आणि लिहून ठेवलं.