शरणपूरचे प्राइस साहेब

सरावली, बोईसर, तारापूर येथील आम्हां मंडळींस गलबत नवें नाहीं. एके काळीं मात्र आफ्रिकेंतील मुलें चोरून, गलबतांत कोंबून विकावयास नेत असत. इंग्रज आरमार अशीं गलबतें पकडी आणि सोडविलेलीं कित्येक मुलें मुंबईस उतरवी. त्यांस ना आईबाप, ना गांव.

चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं १८५४ सालीं नाशिकास शरणपूर वसविलें. १८६० च्या सुमारास हीं मुलें तेथें येऊं लागलीं. त्यांस नुसतें पोटास घालून भागलें नाहीं. अक्षरें, शास्त्र, सुतारकाम व लोहारकाम शिकविण्यांत आलें.

त्यांतील याकोब वेनराइट १८७३ सालीं आफ्रिकेंत लिव्हिंग्स्टन साहेबांच्या मृत्यूनंतर प्रार्थना वाचणारा झाला. सोबत्यांसह त्यानें तो देह समुद्रापर्यंत पोहोंचविला व १८७४ सालीं लंडनांतील दफनविधींत भाग घेतला.

त्याच वर्षीं प्राइस साहेब मोंबासास गेले. १८७५ सालीं तेथें त्यांनीं मुक्त गुलामांसाठीं फ्रीअर टाउन वसविलें. शरणपुरांत वाढलेले विल्यम जोन्स यांस १८८५ सालीं तिकडे दीक्षा मिळाली. राबई येथें त्यांनीं पळून आलेल्या गुलामांस थारा दिला. धनी चवताळले, संकट ओढवलें. तरी १८८९ च्या आरंभीं खंडणी भरली जाऊन चौदाशेंहून अधिक जीव मुक्त झाले.

ज्याला कोणी थारा दिला, तोच पुढें दुसऱ्यांचा थारा झाला. बंधूंनो, वीटभट्टीवरचें एखादें मूल शाळेच्या दाराशीं घुटमळतांना दिसलें, तर आम्हीं त्यास आंत बोलवावें.